पेंटेकॉप्टेरसचे तुकडे आणि कुर्लीची कात

पेंटेकॉप्टेरस या ‘समुद्री विंचू’ म्हणवल्या जाणाऱ्या नामशेष जलचराचे अवशेष मोडके असल्याने त्याला मेगालोग्राप्टिडी या समुद्री विंचवांच्या कुळात बसवणे घाईचे आहे, असे एक मत आहे; ते मला पटत नाही. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डेकोरा येथे, उल्काघाताने झालेल्या विवरात साचलेल्या सुमारे 46.7 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत दीडशेहून अधिक तुकडे मिळाले; 2015 साली प्रसिद्ध झालेल्या वर्णनात पिल्लांचे आणि प्रौढांचे, असे दोन्ही अवशेष आहेत. महत्त्वाचे म्हणजे हे कवच खडकावरून अलगद सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते, त्यामुळे पायांवरच्या केसांची मांडणीही तपासता आली.

त्यांतले बरेच तुकडे टाकलेल्या कातीचे असावेत, आणि कात किती बोलकी असते हे आम्हां गुहागरकडच्या लोकांना ठाऊक आहे. मागच्या ओहोटीला खडपात कुर्लीची एक कात मिळाली: पाठीमागून उसवलेली, आतून पूर्ण रिकामी, पण डोळ्यांवरची पारदर्शक टोपी आणि पोहायच्या चपट्या पायांच्या कडेची केसांची झालर जशीच्या तशी. भरतीने तिचे तुकडे झाले असते, तरी त्यातला एक चपटा पाय कुर्लीचाच आहे हे मी निःशंक सांगितले असते.