मदत हवी आहे: मिग-२१ एफएलचं १/४८ मॉडेल (१९७१), पुढे उघडणारी कॅनपी आणि चांदीवरचा घाईचा हिरवा रंग

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. आमच्या थोरल्या मामांचं सहस्रचंद्रदर्शन कार्तिकात आहे. मामा हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करायचे. १९७१ च्या लढाईत ते तेजपूरला मिग-२१ एफएल या लढाऊ विमानावर काम करत होते. त्या दिवशी त्यांच्या हातात त्यांच्या विमानाचं १/४८ मापाचं (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं) प्लास्टिक मॉडेल द्यायचं असं मी ठरवलंय. ते बरोबर असायला हवं, नुसतं मिगसारखं दिसून भागणार नाही. का, ते आधी सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न कळतील.

दिवाळीत त्यांच्या नातवाने बाजारात तयार मिळणारं धातूचं मिग आणून दिलं होतं. मामांनी ते हातात घेतलं, पालथं केलं, पंखाखालून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे लढाईनंतरचं. आमच्याला पंखाखाली दोनच पायलन, ह्याला चार आहेत." (पायलन म्हणजे पंखाखाली शस्त्रं टांगायचे आधार.) मग सरळ करून पाठीवरून बोट नेलं. "आणि ही पाठ बघ, किती जाड झालीय." नातवाला वाईट वाटू नये म्हणून कपाटात छान जागा करून ठेवलं, पण परत काही ते काढून बघितलं नाही. मी नंतर फोटो लावून ताडून पाहिलं. ते मॉडेल मिग-२१ च्याच नंतरच्या एम मालिकेचं होतं, आणि एम आपल्याकडे लढाईनंतरच आलं. ज्यांनी या विमानांचे पॅनेल रोज उघडले-लावले त्यांचं बोट चुकत नाही.

माझ्याकडे एडुआर्ड या मॉडेल कंपनीचा १/४८ पीएफएमचा (मिग-२१ चाच आणखी एक प्रकार) किट आहे. एफएलला लागणारं बरंचसं त्यात आहे: रुंद शेपटी, शेपटीच्या बुडाशी ब्रेक पॅराशूटचं नळकांडं, सडपातळ पाठ, पंखाखाली दोन पायलन, नाकावर वरच्या बाजूला मधोमध पिटो ट्यूब, म्हणजे वेग मोजायची नळी (एम आणि बिस या नंतरच्या प्रकारांना ती उजवीकडे सरकली). पंखांचा पसारा मोजला, १४९ मिमी भरला. खऱ्या विमानाचा ७.१५४ मीटर, भागिले ४८, तेवढाच येतो. इथपर्यंत समाधान आहे.

अडचण कॅनपीची, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाची. पीएफएमला पुढची काच जागेवर पक्की असते आणि मागचा भाग उजव्या कुशीवर उघडतो. एफएलला तसं नाही. तिथे पुढची काच आणि कॅनपी मिळून एकच तुकडा, आणि तो अख्खा पुढच्या बिजागरीवर उचलला जातो. इजेक्शनच्या वेळी (वैमानिक सीटसकट बाहेर फेकला जातो तेव्हा) हीच कॅनपी सीटला अडकून वैमानिकाच्या पुढे ढालीसारखी यायची, म्हणून ती रचना. पीएफएममध्ये सीट बदलली तशी कॅनपीही बदलली. त्यामुळे किटमधला पारदर्शक भाग कापून जोडून चालणार नाही, आकारच वेगळा आहे. आणि मला ती उघडीच दाखवायची आहे. बंद केली तर ओळखणाऱ्याला ओळखू येईल, पण मामांचं अर्धं आयुष्य त्या उघड्या कॅनपीशेजारी शिडीवर उभं राहून गेलंय.

एफएलसारखीच कॅनपी असलेल्या मिग-२१ पीएफचा किट घेऊन त्यातली कॅनपी वापरावी, असं कुणीतरी म्हणेलच. विचार केला होता. एका कॅनपीसाठी दुसरा अख्खा किट घेणं मला परवडत नाही. म्हणून प्रश्न पहिला: घरच्या घरी पारदर्शक कॅनपी ओढायची खात्रीची पद्धत कोणती? गॅसवर प्लास्टिकचा पत्रा गरम करून लाकडी ठोकळ्यावर दाबायची रीत मला माहीत आहे, पण तिच्यात काचेला लाटा येतात.

प्रश्न दुसरा, रंगाचा. एफएल मुळात धातूच्या रंगाची होती. १९७१ मध्ये तळावरच घाईघाईने त्यावर हिरवे पट्टे आणि डाग मारले गेले, जवळजवळ प्रत्येक विमानावर वेगळे. मामा सांगतात, त्यांच्या विमानावर ब्रशने मारला होता, कुठे जाड, कुठे इतका पातळ की खालची चांदी दिसायची. एअरब्रशने (रंग फवारायच्या पिचकारीने) मी हे केलं तर कडा धुरकट आणि सारख्या होतील, आणि ते खोटं दिसेल. ब्रशने मारलेलं १/४८ मध्ये ब्रशने मारल्यासारखं कसं दाखवायचं? शिवाय खालची चांदी: क्रोमसारखी चकाकी नको आहे.

तिसरा प्रश्न हवेचा. मी हे लिहितेय ते ऐन पावसाळ्यात. आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे गावाचं लक्ष लागलेलं असतं तेव्हा घरातली हवा किती ओली असते, ते इथल्यांना सांगायला नको. एका जुन्या प्लास्टिकच्या तुकड्यावर लॅकर (झटपट वाळणारा रंग) मारून बघितलं, पांढुरकं पडलं. कार्तिकापर्यंत थांबायला वेळ नाही.

शेवटचं, विमानावरचा नंबर. सी ने सुरू होणारा नंबर मामांना पाठ आहे, पण तो कुठल्याच तयार डिकलमध्ये (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांत) नाही. छापून कुठे मिळेल?

— कृष्णाकाठ

---

मिरज_जंक्शन:

ताई, मिरजेत एवढे दातांचे दवाखाने आणि लॅबा असताना गॅसवर कशाला भाजताय? डेंटल लॅबमध्ये रिटेनर (दात जागेवर ठेवणारं पारदर्शक आवरण) करायचं व्हॅक्यूम मशीन असतं. वर हीटर, खाली जाळीची बैठक, त्याखाली पंप. पत्रा मऊ होऊन लोंबला की खाली घ्यायचा, जागच्या जागी ओढला जातो. तुम्हाला हवं तेच की हे. मी माझ्या जग्वार विमानाच्या मॉडेलची कॅनपी अशीच केली. ओळखीच्या लॅबवाल्यांना दुपारी काम नसताना गाठलं, त्यांनाही मजा वाटली.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पत्रा कडक मागा, १ मिमीचा. ब्लीचिंग ट्रेचा मऊ असतो, तो उपयोगाचा नाही. साचा लाकडाचा नको, तिथलाच डाय स्टोन (दातांच्या साच्यांचं कडक प्लास्टर) वापरा. साधं प्लास्टर ठिसूळ पडतं, डाय स्टोन घासून काचेसारखा गुळगुळीत होतो. आधी एपॉक्सी पुट्टीत आकार कोरा, सिलिकॉनमध्ये त्याचा ठसा घ्या, त्यात डाय स्टोन ओता. आणि साच्याखाली १ सेंमीची उभी बैठक ठेवा. बैठक नसली की खालच्या कडेला पत्रा तिरका जातो आणि नेमकी बिजागरीपाशीची रेघ बिघडते.

कृष्णाकाठ:

हे डोक्यातच आलं नव्हतं! मनापासून आभार. एक शंका: पत्रा साच्याच्या बाहेरून बसणार, म्हणजे कॅनपी त्याच्या जाडीएवढी मोठी होईल ना?

मिरज_जंक्शन:

होईल. ओढल्यावर १ मिमीचा साधारण निम्मा राहतो, वरच्या फुगीर भागावर आणखी पातळ. तेवढा साचा सगळीकडून घासून लहान करा. १/४८ मध्ये अर्धा मिमी म्हणजे खऱ्यावर २४ मिमी, मामांना दिसेल. कात्रीने कापू नका, तडा जातो. साच्यावर असतानाच दातांच्या टोकदार प्रोबने हलक्या हाताने रेघ ओढत राहा, सुटून येते. चिकटवायला फेव्हिकॉल. फेव्हिक्विकच्या वाफेने आतून काच धुरकटते, तिला विमानाजवळ आणूच नका.

ओझरकर:

रंगाबद्दल बोलतो. मी ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात होतो, एफएलच्या नंतरच्या काळात, पण जुनी विमानं दुरुस्तीला यायची तेव्हा जवळून पाहिली आहेत. धातू उघडा असला तरी आरशासारखा नसायचा. वर लॅकरचा थर, त्यात उन्हापावसाने आलेला मंदपणा. मॉडेलवर चकचकीत काळा बेस मारून त्यावर अ‍ॅल्युमिनियम मारायची जी पद्धत आहे ती इथे वापरू नका. करडा प्रायमर बारीक घासून घ्या, त्यावर अ‍ॅल्युमिनियम, मग दोन-चार पॅनेल झाकून त्याच रंगात थेंबभर करडा किंवा पांढरा घालून पुन्हा मारा. शेपटीच्या मागचा, जेट पाइपजवळचा भाग थोडा गडद ठेवा. नाकाचा शंकू आणि शेपटीचं टोक हिरवं, तो तळावर मारलेला हिरवा नव्हे. ते रेडिओ लहरी आरपार जाणारे भाग, मूळचेच त्या रंगाचे. दोन्ही हिरवे वेगळे दिसले पाहिजेत, बहुतेक मॉडेलांत इथेच घोळ होतो. चाकांचे हबही हिरवे.

घाईचा हिरवा ब्रशनेच मारा. एनॅमल घ्या, टर्पेंटाइनने पातळ करा, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा आणि एकाच दिशेने ओढा. चांदीवर आधी क्लिअरचा (पारदर्शक) थर द्या, म्हणजे बिघडलं तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसून परत मारता येईल. ब्रशचा केस मोठा दिसायला नको, म्हणून शून्य नंबरच्या खालचा घ्या. दाट-पातळ आपोआप होईल, मुद्दाम करायला जाऊ नका.

पट्टीपेन्सिल:

पॅनेलच्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत काळं भरताना हात आवरा ही विनंती. १/४८ मधली ०.३ मिमीची काळी रेघ म्हणजे खऱ्या विमानावर दीड सेंटीमीटरची भेग. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानात एवढी भेग नसते. चांदीवर मध्यम करडा पुरे, आणि तोसुद्धा फक्त उघडझाप होणाऱ्या पॅनेलांना.

ओझरकर:

पूर्ण सहमत.

बसप्पाचीवाडी:

ओल्या हवेवर उपाय. मोठा खोका घ्या, आत चांदीचा कागद लावा, वरून ४० वॅटचा साधा पिवळा बल्ब सोडा. रंग द्यायच्या आधी अर्धा तास मॉडेल आत, दिल्यावर लगेच परत आत. दुपारी पाऊस उघडलेला असताना मारायचं. पांढरं पडतं ते थिनर भराभर उडाल्याने, पृष्ठभाग गार होऊन त्यावर हवेतलं पाणी बसतं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात सावकाश उडणारा थिनर मिळतो, रिटार्डर म्हणून मागा, थोडासा मिसळा. पण लॅकर एकदम ओला थर देऊन मारू नका, प्लास्टिक खातो. आधी नुसता तुषार.

नंबरासाठी लग्नपत्रिकावाल्याकडे जा. थट्टा नाही. तयार डिकल बरीचशी छापतात तीही स्क्रीन प्रिंटिंगनेच. डिकलचा कागद ऑनलाइन मागवा, नंबराची काळी फिल्म काढून द्या, तुळशीचं लग्न जवळ येईपर्यंत त्यांचीही घाई नसते. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे हवाई दलाच्या गोलाकार चिन्हातलं पांढरं कडं तुम्हाला तिथे जमणार नाही, स्क्रीनवर जमेल. बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं, क्रम उलटा होऊ देऊ नका.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे आभार, विशेषतः मिरज_जंक्शन यांचे. काल लॅबमध्ये जाऊन आले. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी साचा बघून आधी कडा थोड्या गोलसर करून दिल्या, मग मशीन लावलं. पत्रा लोंबला, खाली घेतला आणि क्षणात कॅनपी! काच स्वच्छ आहे, लाटा नाहीत. पुढच्या काचेच्या चौकटीच्या रेघा किंचित मऊ आल्या आहेत, त्या मी बाहेरून रंगवलेल्या डिकलच्या बारीक पट्ट्यांनी करणार आहे.

मामांना अजून काही सांगितलेलं नाही. पण काल चहाच्या वेळी सहज विचारलं, १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसवर विमानं गेली तेव्हा खाली काय लावलं होतं? त्यांनी लगेच सांगितलं: पंखाखाली ५७ मिमी रॉकेटांचे पॉड (रॉकेटांच्या नळ्यांचे डबे), एकेकात सोळा. पॉडच्या तोंडाला हात लावून मोजल्यासारखं बोट गोल फिरवत सांगितलं.

म्हणून आता पुढचा प्रश्न. किटमधल्या पॉडची तोंडं नुसती खोलगट आहेत, भोकं उथळ. मला सोळाही नळ्या आतपर्यंत पोकळ हव्यात. इंजेक्शनच्या सुया कापून बसवायचा विचार आहे. १/४८ मध्ये आतलं भोक साधारण १.२ मिमी यायला हवं. त्या मापाच्या सुया मिरजेच्या सर्जिकल दुकानात कुठल्या गेजच्या मागायच्या, आणि टोक चेपू न देता कापायच्या कशा?

मिरज_जंक्शन:

१६ गेजची मागा, आतून जवळपास १.२ भरते. कापायची नाहीच, फाइलच्या कडेने गोल फिरवत खाच पाडायची आणि मोडायची. आत बारीक तार घालून ठेवा, चेपत नाही.