कुबट टॉवेल, धुरकट पेले : धुण्याच्या आणि भांड्यांच्या यंत्रांचे तुमचे अनुभव सांगा

परवा लेकीने घडीचा टॉवेल तोंडाला लावला आणि नाक मुरडून परत माझ्या हातात दिला. "आई, हा धुतलाय की धुवायचाय?" गंमत अशी की कोरडा असताना त्याला काहीच वास नव्हता. तोंड पुसून ओला झाला, की दोन मिनिटांत ओल्या फडक्यासारखा कुबट वास. यंत्र फ्रंट लोड, चार वर्षांचं, रोज चालणारं. मी आधी पावडर वाढवली, मग सुवासिक सॉफ्टनर सुरू केला, मग तोही वाढवला. आता टॉवेलाला फुलांचा आणि फडक्याचा असा दोन्ही वास एकदम येतो.

त्यात भांड्यांच्या यंत्रानेही सूर लावलाय. दार उघडलं की पहिला भपकारा असा येतो की आत भांडी धुतली गेली यावर विश्वास बसू नये. काचेचे पेलेही धुरकट दिसायला लागलेत.

तर तुमच्याकडे काय झालं, काय केलं ते लिहा. फसलेले उपाय आधी लिहा, ते जास्त उपयोगी पडतात.

०००

दाराभोवतीचं रबर उलटून पाहिलंत का? मी तीन वर्षं पाहिलं नव्हतं. रोज पुसायचे, पण वरवर. त्या करड्या रबराला आत एक खोल घडी असते. एकदा खालच्या बाजूला बोट घालून ती ओढली, तर आत दोन बोटं पाणी साचलेलं. त्यात केसांची पिन, एक नाणं, बाळाचा हरवलेला मोजा आणि या सगळ्याला धरून बसलेला राखाडी, बुळबुळीत लगदा. रबरावर काळे ठिपके, म्हणजे बुरशी. घडीच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती त्या लगद्याने बुजली होती. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन अर्धा तास घासलं. लगदा गेला, वास निम्म्याने कमी झाला. काळे ठिपके मात्र रबरात मुरले होते, ते आजही आहेत. त्यांना वास नाही, म्हणून मी त्यांचा नाद सोडला.

आता शेवटचं धुणं काढलं की घडी कोरड्या फडक्याने पुसते आणि दार चार बोटं उघडं ठेवते. पावडरचा कप्पाही बाहेर ओढून ठेवायचा. तो पूर्ण निघतो, मधली खटकी दाबावी लागते. काढून त्याच्या मागची पोकळी बघाच. जेवणाआधी बघू नका.

०००

धागाकर्तीने लक्षण अगदी बरोबर पकडलंय. कोरड्या कपड्याला वास नाही आणि ओला झाला की येतो, याचा अर्थ वास यंत्रातून नुसता चिकटलेला नाही, तो कपड्यातच तयार होतोय. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक जिवाणू यात प्रमुख असल्याचं जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. कापड वाळलं तरी तो तग धरतो, आणि पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. अंगाचं तेल, घाम आणि साबणाचे अवशेष यांवर त्याचं छान चालतं.

आता आपण काय करतो बघा. वीज वाचवायला थंड पाण्यात किंवा ३० अंशांवर धुतो. कपडे जपायला पावडरऐवजी लिक्विड वापरतो. वास आला की लिक्विड आणखी ओततो. थंड पाण्यात जास्तीचा साबण पुरता निघून जात नाही. तो बाहेरच्या टबाच्या आतून, जिथे आपली नजर पोचत नाही तिथे, मेणासारखा बसतो. त्यावर कपड्यांचे तंतू, त्यावर जिवाणू. शिवाय लिक्विडमध्ये सहसा ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं, डाग आणि वास काढणारं ब्लीच) नसतं, ते बऱ्याच पावडरींमध्ये असतं.

मी केलं ते असं : टॉवेल, चादरी, अंतर्वस्त्रं ६० अंशांवर, ऑक्सिजन ब्लीच असलेल्या पावडरने. साबणाचं माप डब्यावरच्या तक्त्याप्रमाणे, "अजून एक झाकण" नाही. महिन्यातून एकदा रिकामं यंत्र सगळ्यात गरम प्रोग्रॅमवर. पहिल्यांदा चालवलं तेव्हा काचेतून काळपट पापुद्रे फिरताना दिसले. लागोपाठ तीनदा चालवावं लागलं. ते पापुद्रे कपड्यांवर येत होते आणि मी इतके दिवस कपड्यांचा रंग जातोय असं समजत होतो!

०००

सॉफ्टनर बंद करा. एवढंच सांगते. तो कापडावर स्निग्ध थर देतो, टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही, आणि यंत्रात चिकटा साठतो तो वेगळाच.

०००

व्यायामाच्या कपड्यांचं कुणी लिहिलं नाही. सुती बनियन एका धुण्यात स्वच्छ होतो, पण पॉलिस्टरचा टी-शर्ट धुऊन कपाटात ठेवला तरी घातल्यावर पाच मिनिटांत जुना घाम जागा होतो. पॉलिस्टर पाणी धरत नाही, पण तेल घट्ट धरतो. आल्या आल्या उलटा करून कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर घालून तासभर भिजवतो आणि मग यंत्रात टाकतो. घामट कपडे बंद पिशवीत दोन दिवस ठेवण्याची सवय मोडली, हा खरा उपाय. ती मोडायला यंत्रापेक्षा बायकोचा जास्त उपयोग झाला.

०००

आमचं यंत्र एके दिवशी पाणी पोटात ठेवून गप्प बसलं. ड्रम फिरेना, दार उघडेना, काचेच्या मागे माझे ऑफिसचे शर्ट बुडालेले. मेकॅनिक दोन दिवसांनी येणार होता. पुस्तिकेत वाचलं की पुढच्या बाजूला खाली छोटं झाकण असतं आणि त्यामागे पंपाचा फिल्टर. पुस्तिकेत हेही लिहिलं होतं की आधी शेजारची बारीक नळी काढून पाणी हळूहळू ताटलीत घ्या. ते पुढच्या पानावर होतं. मी पान उलटायच्या आधी फिल्टर फिरवला.

पाणी स्वयंपाकघरातून बैठकीत गेलं. सासूबाई पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या आणि तिथून सूचना देत राहिल्या. फिल्टरमध्ये काय निघालं? ब्राची एक तार, दोन बटणं, विरघळून लगदा झालेला कागद आणि माझीच कॉलर ताठ ठेवायची पट्टी. वास इतका की खिडक्या उघडाव्या लागल्या. म्हणजे तो सगळा ऐवज कित्येक महिने तिथे कुजत होता आणि आम्ही वासासाठी सॉफ्टनर बदलत होतो. आता दर दोन महिन्यांनी काढतो. आधी नळी, मग फिल्टर.

०००

वास नाही, पण नाच. नवं यंत्र पहिल्याच दिवशी पिळताना हातभर पुढे चालत आलं आणि प्लग ओढून स्वतःच बंद पडलं. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून मागे लावलेले लांब बोल्ट बसवणाऱ्याने काढलेच नव्हते. काढल्यावर शहाण्यासारखं उभं राहिलं. ते बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात.

०००

भांड्यांच्या यंत्राकडे वळते. तळाचा फिल्टर लोक धुतात, पण दाराची खालची कड कुणी पुसत नाही. धुताना फवारा तिथे पोचतच नाही. दार पूर्ण उघडून वाकून बघा. माझ्याकडे तिथे तपकिरी, तेलकट पट्टा होता, आणि भपकारा तिथूनच येत होता. फवाऱ्याचे पंखेही काढून नळाखाली धरा. एका भोकात बी अडकलं होतं, म्हणून वरच्या खणातल्या वाट्या महिनाभर अर्धवट निघत होत्या.

फिल्टरखाली थोडं स्वच्छ पाणी राहिलेलं दिसलं तर घाबरू नका, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. गढूळ आणि भरपूर असेल तर मात्र निचरा अडलाय.

०००

धुरकट पेल्यांसाठी आधी एक परीक्षा करा. एका पेल्यावर लिंबूसत्त्वाच्या पाण्याचे दोन थेंब चोळा. तो भाग लख्ख झाला तर पाण्यातल्या क्षारांचा थर आहे. मग यंत्रातलं मीठ भरा आणि पाणी किती जड आहे ते यंत्राच्या सेटिंगमध्ये नीट द्या. आमच्याकडे ते कारखान्यातून आलं तसंच होतं. मीठ त्यासाठीचं जाड खड्यांचंच घ्या. स्वयंपाकातल्या बारीक मिठातले इतर घटक आतल्या रेझिनला, म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या दाण्यांना, त्रास देतात. रिन्स एडचा (भांड्यांवरून पाणी निथळायला मदत करणाऱ्या द्रावाचा) कप्पा रिकामा असेल तर पाण्याचे थेंब तसेच वाळून डाग राहतात, तोही बघा.

आणि चोळूनही धुरकटच राहिलं तर काच झिजली आहे. मऊ पाणी, जास्त उष्णता आणि जास्त डिटर्जंट यांनी काचेचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. ते परत येत नाही. माझे आईकडून आलेले सहा पेले असे गेले.

०००

घरात मीठ आणि साबण संपले म्हणून हाताने भांडी घासायचं लिक्विड भांड्यांच्या यंत्रात टाकणारे आणखी कुणी आहेत का, की मीच एकटा? दाराच्या चारी बाजूंनी फेस. लेक टाळ्या वाजवत होता.

०००

आमच्याकडे भांडण वेगळंच. नवरा भांडी आधी नळाखाली चकचकीत धुऊन मग यंत्रात लावतो. मी म्हणते, खरकटं निपटून काढ, बस. डिटर्जंटमधल्या विकरांना (एन्झाइम्सना) पिष्ट आणि प्रथिनं तोडायचीच असतात. ऑटो प्रोग्रॅमवर यंत्र पाण्याचा गढूळपणा मोजतं, आणि पाणी स्वच्छ दिसलं तर धुणं आवरतं घेतं. मग एखादं खरोखर तेलकट पातेलं तसंच राहतं, आणि नवरा म्हणतो, "बघ, मी सांगत होतो."

लावण्यात मात्र तो हुशार आहे. ताटं एकमेकांना चिकटली की फवारा आत जात नाही, हे मला मान्य करावं लागलं. १८८६ साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन यांनी पेटंट घेतलं त्या यंत्रातही प्रत्येक ताटलीसाठी मापाचा तारेचा खण होता आणि पाण्याचा जोर होता. तत्त्व अजून तेच आहे. माझा नवरा ते रोज नव्याने शोधल्यासारखं सांगतो.

०००

सगळं साफ करूनही सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर यंत्राला सोडा आणि निचऱ्याकडे बघा. सिंकखालच्या वळणदार नळीत पाणी असतं, तेच गटाराचा वास अडवतं. बरेच दिवस घर बंद असलं की ते आटतं. आमच्याकडे दोष वेगळा होता : भांड्यांच्या यंत्राची नळी जमिनीवरून सरळ सिंकच्या जोडाला नेलेली. सिंक तुंबलं की तिथलं घाण पाणी यंत्रात उलटं यायचं. नळी ओट्याच्या खाली उंच उचलून क्लिपने बांधली, प्रकरण संपलं.

०००

वरती बऱ्याच जणांना लिंबूसत्त्व, व्हिनेगर, ब्लीच असं काय काय सुचेल, म्हणून लिहिते. क्लोरीनचं ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र येऊ देऊ नका, एकामागोमाग एकाच धुण्यातही नको. क्लोरीन वायू सुटतो. माझ्या बहिणीने "दोन्ही घातलं की दुप्पट स्वच्छ" असा हिशोब केला होता. खोकत बाहेर पळावं लागलं. व्हिनेगरचा वरचेवर मारा रबरालाही सोसत नाही.

आणि वास जळका असेल, प्लास्टिक किंवा मासळीसारखा, तर साफसफाई नको. प्लग काढा आणि माणूस बोलवा.

०००

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितेय, कारण एकेक करून बघत होते.

रबराच्या घडीत अपेक्षेपेक्षा कमी निघालं. पंपाच्या फिल्टरमध्ये जास्त (आधी नळी काढली, सासूबाई नव्हत्या तरी). रिकामं गरम धुणं दोनदा चालवलं, पहिल्या वेळी काचेमागचं पाणी चहासारखं दिसत होतं. सॉफ्टनरची बाटली अजून अर्धी आहे, ती कुणाला द्यायचीही लाज वाटते. टॉवेल दोनदा ६० अंशांवर काढले. त्यातला एक जुना काही केल्या सुधारला नाही, तो फरशीला दिला.

पेल्यांची परीक्षा केली. चार लख्ख झाले. दोन गेले.

काल लेकीने ओला टॉवेल नाकाला लावला, बराच वेळ हुंगला आणि म्हणाली, "कशाचाच वास नाही."

फक्त पिळताना आता ड्रमच्या मागून टिक् टिक् असा आवाज येतोय, आधी नव्हता. नाणं असेल का? कुणाला आला असला तर सांगा, तोवर मी मागचं झाकण उघडत नाही.