इंग्लंडमधील रेसच्या तबेल्यात नोकरी : घोडा आणि माणूस दोघेही कितपत सुरक्षित?

प्रश्न – वानवडीकर

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेली सहा वर्षे पुण्याच्या रेसकोर्सवर सकाळच्या सरावात घोडे पळवतो. आता त्याला बर्कशायर परगण्यातील लॅम्बॉर्न या गावाजवळच्या तबेल्यात नोकरी मिळाली आहे. आईची काळजी एवढीच, की तो पडला तर तिथे त्याला कोण पाहणार. मला मात्र ग्रँड नॅशनल या इंग्लंडमधील अडथळ्यांच्या शर्यतीत कोसळणारे घोडे दूरचित्रवाणीवर पाहिल्यापासून वाटते, की जिथे घोड्याची ही गत, तिथे माणसाची काय असेल? तिथला रोजचा दिवस ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर – जुना मोतद्दार

ताई, मी बारा वर्षे न्यूमार्केटच्या तबेल्यांत काढली. लॅम्बॉर्न त्या मानाने लहान गाव असले, तरी दिवस तसाच उगवतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास मुख्य मोतद्दार अंधारातच एकेका घोड्याच्या गव्हाणीत डोकावतो, कारण रात्रीची चंदी शिल्लक दिसली, की त्या घोड्याचे काहीतरी बिनसले आहे हे ताप पाहण्याआधीच कळते. मग प्रत्येकजण आपल्या तीन-चार घोड्यांचे पाय हाताने चाचपतो. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या हाडाच्या, मागची शीर (कंडरा) किंचित जरी गरम लागली, तरी तो घोडा त्या दिवशी माळावर जात नाही. लीद काढून, खरारा करून आणि खोगीर चढवून पहिली तुकडी उजाडता उजाडता बाहेर पडते. तिथे सराव बहुधा चढावर होतो, त्यामुळे फार वेग न देताही घोड्याचा दम तयार होतो. दुपारी विश्रांती आणि चारच्या सुमारास पुन्हा खरारा, चंदी व पायांची तपासणी.

मला सर्वांत मोठी इजा झाली ती भरधाव घोड्यावरून पडून नव्हे. थंडीची झूल बदलताना एका घोडीने मागची लाथ झाडली आणि माझ्या दोन बरगड्या मोडल्या. घोड्यावर बसताना शिरस्त्राण आणि छातीचे संरक्षक जाकीट सर्वजण घालतात. खाली उतरल्यावर मात्र माणूस गाफील होतो, आणि तो स्वार जितका जुना तितका अधिक. आईंना सांगा, की लॅम्बॉर्नमध्येच ‘ओक्सी हाउस’ हे जखमी जॉकींसाठी 2009 साली सुरू झालेले पुनर्वसन केंद्र आहे, आणि तबेल्यांतील कामगारांसाठी ‘रेसिंग वेल्फेअर’ नावाची संस्थाही काम करते.

उत्तर – अश्ववैद्य, कोल्हापूर

पाय चाचपण्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगतो. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे हाड, शिरा आणि अस्थिबंध एवढेच असते. भरधाव धावताना एका क्षणी एकाच पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, म्हणजे 500 किलोच्या घोड्याच्या बाबतीत तो एक टनाहून अधिक होतो. शर्यतीत जे हाड ‘अचानक’ मोडलेले दिसते, त्यात पुष्कळदा कित्येक आठवड्यांपासून सूक्ष्म भेगा साठत आलेल्या असतात. म्हणून माझ्या मते घोड्याची सुरक्षितता शर्यतीच्या दिवसापेक्षा त्याआधीच्या अशा कंटाळवाण्या सकाळींवर अधिक अवलंबून असते. दुसरी भीती पोटशुळाची. घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे चंदी एकदम वाढवली किंवा वेळा बदलल्या, की प्रकरण जिवावर बेतू शकते.

उत्तर – कुंपणावरचा

वरील माहिती योग्य असली, तरी चित्र जरा अधिकच गोंडस झाले आहे. उत्तम निगा राखलेले घोडेही अडथळ्यांच्या शर्यतीत मरतात. सुधारणा झाल्या आहेत, हे मान्य : ग्रँड नॅशनलमध्ये 2024 पासून 40 ऐवजी 34 घोडेच धावतात आणि पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेच्या जवळ आणला आहे, जेणेकरून घोडे तिथे फार वेगात पोहोचू नयेत. घोड्याला नारिंगी रंग हिरव्यापासून नीट वेगळा दिसत नाही, हे एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी दाखवल्यावर अडथळ्यांवरील नारिंगी पट्ट्या पांढऱ्या करण्यात आल्या. परंतु त्या इतकी वर्षे माणसाच्या डोळ्यांना दिसतील अशाच रंगवल्या जात होत्या, याला काय म्हणावे? ताई, भावाचा तबेला सपाट शर्यतींचा आहे की अडथळ्यांचा, हे आधी विचारून घ्या.

वानवडीकर

सर्वांचे आभार. तबेला अडथळ्यांच्या शर्यतींचा आहे, हे आजच भावाकडून कळले. आईला ‘ओक्सी हाउस’विषयी सांगितले आहे, अडथळ्यांचे अजून सांगितलेले नाही. त्याने पुण्यातील आपले शिरस्त्राण सोबत न्यावे का?

जुना मोतद्दार

नेऊ नये. तिथे ठरावीक मानकाचेच शिरस्त्राण चालते, ते तिथेच डोक्याच्या मापाने घ्यावे. आणि एकदा त्यावर जोराचा आघात झाला, की वरून धड दिसले तरी ते टाकून नवीन घ्यावे लागते. या बाबतीत त्याला काटकसर करू देऊ नका.