गोव्याच्या राज्यपक्ष्याविषयी थोडी भर
गोव्याचा राज्यपक्षी, म्हणजे लाल गळ्याचा पिवळा बुलबुल (फ्लेम-थ्रोटेड बुलबुल), हा हिमालयातल्या तुरेवाल्या काळ्या डोक्याच्या बुलबुलाचाच एक प्रकार आहे, असे म्हटले जाते. जुन्या वर्गीकरणात तसे मानले जाई. आता मात्र ती स्वतंत्र जात धरली जाते. आपल्या बुलबुलाच्या काळ्याभोर डोक्यावर तुरा नसतो, बुबुळ फिकट असते, आणि हळदीसारख्या पिवळ्या अंगावर गळ्यापुरता माणकासारखा लाल रंग असा काही उठून दिसतो, की एकदा नीट पाहिल्यावर गल्लत होणे अवघड (दुर्बीण घरी विसरली असेल तर गोष्ट वेगळी). हा पक्षी केवळ पश्चिम घाटाच्या परिसरात आढळतो. गोव्यातील बोंडला किंवा मोले येथील जंगलात त्याला शोधताना फळांनी लगडलेल्या झाडाझुडपांवर नजर ठेवावी.