मदत हवी आहे: पालवी फुटल्याची तारीख कोणती धरायची?
नमस्कार मंडळी. घरामागची टेकडी आणि ओढ्याकाठ प्रत्येक ऋतूत नीट पाहायचा, असं ठरवलं आहे. एकाच दगडावर उभी राहून दर आठवड्याला फोटो काढते, ते जमतंय. अडचण झाडांची आहे. उन्हाकडच्या फांदीवर तांबूस, लुसलुशीत पालवी येते, तेव्हा त्याच झाडाची सावलीतली फांदी उघडीबोडकी असते. मग नोंद कधीची करायची? पहिलं पान उलगडलं तेव्हाची, की निम्मं झाड भरलं तेव्हाची? इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून ठेवलेल्या अशाच नोंदी हवामानबदलाच्या अभ्यासात उपयोगी पडल्या. माझ्याही कुणाला तरी पडाव्यात, असं फार वाटतं. आणि हो, सुरुवातीला किती झाडं धरावीत? जाणकारांनी कृपया सांगा.