मदत हवी आहे: अण्णांचा एमआरआय लातूरला करावा का सोलापूरला?

मांजराकाठ
अण्णांच्या मेंदूचा एमआरआय करायचाय. लातूरला करावा का सोलापूरला न्यावं? लवकर सांगा. दोन डॉक्टर झाले. एक म्हणतो वय झालंय, दुसऱ्यानं खांदा आखडलाय म्हणून शेक सांगितला. सोयाबीन काढून ढीग लावलाय, मळणीयंत्राचा नंबर सोमवारी आहे. माझ्याकडं मधले दोनच दिवस आहेत. कुठं न्यावं तेवढंच सांगा.

तेरणेचा
एमआरआय कशासाठी? वय किती, होतंय काय, लिहून कोणी दिलाय?

मांजराकाठ
लिहून कोणीच दिला नाही, मीच म्हणतोय. वय ६४. उजवा हात नीट चालंना. सही जुळंना म्हणून बँकेतून दोनदा वापस पाठवलं, पीककर्जाचं नवं-जुनं अडकलंय. बीपीची गोळी सोडली तर दुसरं काही नाही.

वाडीवरचा
हात चालत नाही म्हणजे अर्धांगवायू! अहो, इथं विचारत काय बसलात? तोंड वाकडं झालंय का बघा, दोन्ही हात वर करायला लावा, एक वाक्य बोलून घ्या. तिन्हींतलं एक जरी बिघडलेलं दिसलं तर १०८ ला फोन. गुठळीमुळं झालेला झटका असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. माझ्या चुलत्यांना सकाळी सहाला झालं, आम्ही दुपारपर्यंत तेल चोळत बसलो. चार वर्षं झाली, अजून त्यांना धड बोलता येत नाही. दुसऱ्या कोणाच्या घरी असं होऊ नये.

बाबांची_लेक
वाडीवरचे दादा, तुमचं अगदी खरं आहे. पण ते घडीत होतं. इथं अचानक झालंय का हळूहळू, तेच अजून कळलं नाही. मांजराकाठ भाऊ, तुम्ही फार कमी लिहिलंय. चालताना उजवा हात हलतो का, का अंगाला चिकटून राहतो? त्या पायाची चप्पल जास्त झिजते का? आवाज बारीक झालाय? झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात? पोट साफ होतं का? वास येतो का? कुठं पडले होते का, डोक्याला मार? हाताशी संबंध नाही असं वाटेल, तरी सगळ्यांची उत्तरं द्या.

मांजराकाठ
ताई, घरात येऊन पाहिल्यासारखं विचारलंत. पडले नाहीत. अचानक नाही, उन्हाळ्यापासून हळूहळू चालू आहे. हात हलत नाही, खरंय, मी आज सकाळी मागून चालत बघितलं. डावा झुलतो, उजवा कोपरात वाकून तसाच राहतो. पाय जरा घासतो, उजव्या चपलेचा पुढचा भाग पार गेलाय. शर्टाची गुंडी धरतात पण बोटं तिथंच फिरत राहतात, काज सापडत नाही. मग आई लावून देते. तेवढा वेळ ते दुसरीकडं तोंड करून उभे राहतात. मला ते बघवत नाही.

वासाचं विचारलं म्हणून आठवलं. मागच्या महिन्यात आई हापशावर गेली होती, वरणाची फोडणी करपून काळी झाली, धूर ओसरीपर्यंत. अण्णा चुलीपासून दोन हातांवर बसलेले, त्यांना पत्ताच नाही. ध्यान नसेल म्हणून आम्ही सोडून दिलं. पोटाचा त्रास तर जुनाच आहे.

सहीचं सांगतो. आधी मोठी ठसठशीत सही होती, शेवटच्या अक्षराखाली फेट्याच्या शेमल्यासारखी रेघ. आता पहिलं अक्षर बरं येतं, पुढची बारीक बारीक होत मुंगीएवढी होतात. हात थरथरत मात्र नाही. थरथर नाही म्हणून कंपवात नाही, असं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

बाबांची_लेक
थरथर सगळ्यांनाच नसते. माझ्या बाबांना पहिली दोन वर्षं नव्हती. त्यांचाही खांदाच आखडलाय म्हणून आम्ही शेकत बसलो होतो, नऊ वर्षं झाली त्याला. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं ते लिहिते. मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक छोटा भाग असतो, त्या पेशी डोपामिन बनवतात. हालचाल सुरू करायला, ती पुरेशी मोठी ठेवायला ते लागतं. पेशी झिजत गेल्या की हालचाल मंद होते आणि लहानही होते. म्हणून अक्षर बारीक, पाऊल बारीक, आवाज बारीक. वास जाणं, पोट आखडणं, झोपेत हातपाय झाडणं हे तर काही जणांत हात बिघडायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली हा आजार नीट मांडला, म्हणून पार्किन्सन. कंपवात म्हणतात तो हाच.

हाच आजार आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं की आधी न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-नसांचे डॉक्टर, एमआरआय नंतर. पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. तो काढतात ते दुसरं काही नाही ना हे बघायला, म्हणजे जुना झटका, पाणी साठणं, आत रक्त साकळणं. नॉर्मल रिपोर्ट बघून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि वर्ष निघून जाईल. आमचं गेलं.

बांधावरचा
आयुर्वेदात कंपवात फार पूर्वीपासून सांगितलाय. खाजकुयलीच्या बिया दुधात शिजवून, साल काढून, चूर्ण तुपावर परतून सकाळ-संध्याकाळ द्या. आपल्या बांधावर फुकट मिळते. माझ्या मामांना गुण आला. एमआरआयचे पैसे वाचवा.

औषधवाली
परभणीला माझं मेडिकल आहे, म्हणून बोलते. कुयलीत गुण आहे हे मी नाकारत नाही. तिच्या बियांत लेवोडोपा असतं, तेच जे पार्किन्सनच्या गोळीत असतं. आपल्याच देशातल्या संशोधकांनी १९३७ साली या बियांतून ते वेगळं काढून दाखवलं. पण म्हणूनच ती मनानं देऊ नये. कुठल्या बीत किती आहे हे चमच्यानं कळत नाही. बीपीची गोळी चालू आहे, वरून हे दिलं तर उभं राहताना बीपी खाली येऊन पडतील. आणि तपासणीआधी दिलं तर डॉक्टरांना खरा हात दिसणारच नाही.

बांधावरचा
बाजारातली गोळी चालते आणि देवानं दिलेली बी चालत नाही, हे मला पटत नाही. माझ्या मामांना मी स्वतः दिलंय.

औषधवाली
दादा, मामांना बरं वाटलं याचा आनंद आहे. वैद्यांच्या देखरेखीखाली दिलं तर माझं काही म्हणणं नाही. मांजराकाठ, तुम्ही ‘बीपीची गोळी सोडली तर काही नाही’ लिहिलंय. घरातला डबा उघडून सगळ्या स्ट्रिपा बघा. चक्कर, पित्त, झोप, गॅस, दुकानातून आणलेलं, शेजाऱ्यानं दिलेलं, सगळं.

निवृत्त_कॅशियर
सहीबद्दल कोणीच बोललं नाही. ३१ वर्षं बँकेत काढली. आजारपणामुळे सही येत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा माणूस. किंवा नव्या सहीचा नमुना देऊन जुनी बदलून घ्या. आजारी माणसाला दोनदा परत पाठवायला नको होतं. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मांजराकाठ
कॅशियर साहेब, हे कोणी सांगितलंच नव्हतं. आभारी आहे.

डबा बघितला. बीपीची आहे. आणि पित्ताची कॅप्सूल आहे, रोज सकाळी उपाशीपोटी एक. ते काय औषध म्हणून लिहायचं का? दिवाळीपासून घेतात, दुकानदारानं दिली होती, बरं वाटतं म्हणून तीच आणतो. पाठीमागं रॅबेप्राझोल आणि लेवोसल्पिराइड लिहिलंय.

औषधवाली
हेच शोधत होते. रॅबेप्राझोल पित्ताचं, ते ठीक. लेवोसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिनची वाट अडवतं. उतारवयात महिनोन्‌महिने घेतलं तर हुबेहूब पार्किन्सनसारखं दिसू शकतं: मंदपणा, ताठरपणा, बारीक पावलं. ओकारीचं मेटोक्लोप्रमाइड, चकरेचं सिन्नारिझिन, फ्लुनारिझिन हीसुद्धा त्यातलीच. नावं सारखी वाटतात म्हणून सांगते, डॉमपेरिडोन मेंदूत फारसं जात नाही, ते वेगळं. तुम्ही आजच्या आज कोणत्याही डॉक्टरांना ही स्ट्रिप दाखवून विचारा, ‘ही बंद करू का, पित्ताला साधी दुसरी द्याल का?’ बीपीची गोळी मात्र चुकवू नका. आमच्या धंद्यातल्या लोकांनी वर्षभर चिठ्ठीशिवाय ही कॅप्सूल द्यायला नको होती. मला याची लाज वाटते.

तेरणेचा
म्हणजे कॅप्सूल बंद केली की विषय संपला?

बाबांची_लेक
संपला असं समजू नका. औषधामुळे असेल तर उतरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. आणि काहींच्यात मूळ आजार आतून असतोच, औषध तो लवकर उघडा पाडतं. अण्णांना वास येत नाही आणि एकाच बाजूचा हात धरलाय, म्हणून मला काळजी वाटते. औषधानं होतं ते बहुतेक दोन्ही बाजूंना असतं, पण नेहमीच नाही. हे न्यूरॉलॉजिस्टनंच हात फिरवून, चालवून बघायचं असतं.

वाडीवरचा
माझ्या आईला विसरायला होतं, गॅस चालू ठेवते. तेही यातलंच का?

औषधवाली
त्यासाठी वेगळा धागा काढा, पण तोवर बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. या दोन्हींनी येणारा विसराळूपणा औषधानं सुधारू शकतो.

तेरणेचा
मांजराकाठ, लातूर-सोलापूर दोन्हीकडं न्यूरॉलॉजिस्ट बसतात, जिथला नंबर आधी लागेल तिथं जा. खर्चाचा प्रश्न असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालय लातूरलाही आहे, अंबाजोगाईलाही. मेडिसिनच्या ओपीडीत केसपेपर काढा. हैदराबादला धावायची गरज आत्ता नाही.

मांजराकाठ
लातूरला उद्या अकराचा नंबर मिळाला. तालुक्याच्या डॉक्टरांना फोनवर स्ट्रिप वाचून दाखवली, कॅप्सूल आजपासून बंद, दुसरी दिलीय. मळणी चुलतभाऊ बघणार आहे. अण्णांना अजून सांगितलं नाही, खांद्यासाठीच चाललोय म्हणालो. त्यांना उपाशी न्यायचं का?

बाबांची_लेक
नाही, जेवू घालून न्या. आत्ता अंगणात दहा-बारा पावलं चालवून मोबाइलवर व्हिडिओ काढा, वळताना कसे वळतात तेही येऊ द्या. दोन्ही स्ट्रिपा पिशवीत टाका. जुन्या पासबुकावर किंवा सातबाऱ्याच्या अर्जावर पूर्वीची सही असेल तर तो कागद आणि बँकेनं परत पाठवलेला कागद, दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. आणि भाऊ, अण्णांना रात्रीच खरं सांगा. गुंडी लावताना तोंड फिरवतात म्हणजे त्यांना कळलेलं आहे.

मांजराकाठ
१९९८ चं सोसायटीचं पासबुक सापडलं. सही आहे, शेमल्यासकट. सांगतो त्यांना जेवण झाल्यावर.