विज्ञानकथांचे दोन दिवस: कोणत्या कथा वाचाव्यात, चित्रं कशी करून घ्यावीत?

पारावरची

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या वाचनालयात (उत्तर पुणे जिल्हा, नारायणगावहून तासाभराच्या अंतरावर) येत्या २७ आणि २८ फेब्रुवारीला विज्ञानकथांचा कार्यक्रम करायचं ठरतंय. २७ला मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच २८ला राष्ट्रीय विज्ञान दिन. दरवर्षी पहिल्या दिवशी आम्ही कविता म्हणतो, दुसऱ्या दिवशी शाळेतली मुलं प्रयोग मांडतात. या दोन दिवसांना जोडणारी विज्ञानकथा मात्र कधीच घेतली नाही, हे यंदा कपाटं पुसताना लक्षात आलं. एक अख्खा कप्पा विज्ञानकथांचा आहे आणि त्यातली निम्मी पुस्तकं गेल्या पाच वर्षांत कुणी घरी नेलेली नाहीत. मी याच पुस्तकांवर वाढले, त्यामुळे फार वाईट वाटलं.

वाचन, चित्रं आणि गप्पा असं तिन्ही करायचंय. पाचवी ते नववीची तीसेक मुलं येतील, शिवाय दहा-बारा मोठी माणसं, त्यात दोघे-तिघे निवृत्त शिक्षक. सतरंज्या आहेत, चाळीस खुर्च्या आहेत. खर्च ३००० रुपयांच्या आत बसवायचाय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका पाहुण्यांना बोलावलं होतं. भाषण दीड तास चाललं. मुलं आधी चुळबुळली, मग एकेक करून पाणी प्यायला गेली ती परत आलीच नाहीत. तसं या वेळी व्हायला नको. मोठ्याने वाचायला कोणत्या कथा घ्याव्यात, चित्रांचं नेमकं काय करावं आणि चर्चा कशी चालवावी, हे अनुभवाने सांगा.

धूळवाट

जयंत नारळीकरांपासूनच सुरुवात करा. १९ जुलै १९३८ला कोल्हापुरात जन्म, २० मे २०२५ला पुण्यात गेले. मुलांनी नाव तरी ऐकलेलं असेल.

'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या, डोळे झाकून. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात हीच कथा इंग्रजीतून आहे, म्हणजे मोठ्या मुलांना पुढेही उपयोग.

जुनं_बाड

पारावरची ताई, तुमचा तो कप्पा वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो कप्पा बाहेर काढा आणि टेबलावर मांडा. माळ्यावर जुने दिवाळी अंक असतील तर तेही उतरवा. 'नवल', 'धनंजय' यांचे अंक बहुतेक जुन्या वाचनालयांत सापडतात आणि त्यांत विज्ञानकथा हमखास असतात. कसर लागली असेल, तर मऊ ब्रशने झटकून दोन दिवस सावलीत ठेवा, उन्हात नको. मुलांना अंक हाताळू द्या. आपल्याकडे हे सगळं काल-परवा सुरू झालं नाही, हे त्यांना बोटांनी कळू दे. 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० साली 'चंद्रलोकची सफर' आली, ती ज्यूल व्हर्नवरून घेतलेली होती. १९१५ साली 'मनोरंजन'मध्ये श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' आली, पहिली स्वतंत्र मराठी विज्ञानकथा म्हणून तिचंच नाव घेतात. शंभर वर्षं उलटली त्याला.

आता नारळीकरांची पहिली कथा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली, पण नाव लावलं 'नारायण विनायक जगताप'. जयंत विष्णू नारळीकर, म्हणजे ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात! तेव्हा ते नावाजलेले शास्त्रज्ञ होते आणि परीक्षकांनी नावाकडे बघून निकाल द्यायला नको होता. अक्षरही ओळखीचं नको, म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं.

हे मुलांना नुसतं सांगू नका, करायला लावा. प्रत्येकाने आपली आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घ्यायचं आणि एका पानाची विज्ञानकथा लिहून पेटीत टाकायची. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून शेजाऱ्याकडून लिहून घ्यायची. आमच्या गल्लीतल्या मुलांनी गणपतीत हे केलं. एरवी निबंधाला चार ओळींवर न जाणारा मुलगा अडीच पानं सांगत बसला होता, कारण लिहिणारा हात दुसऱ्याचा होता.

पाचवी-सहावीसाठी भा. रा. भागवतांचं 'चंद्रावर स्वारी' उघडा. अनुवाद आहे म्हणून मागे ठेवू नका, भागवतांच्या मराठीत ते आपल्या वाड्यातलं वाटतं. मोठ्यांसाठी लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन', बाळ फोंडके यांचा कोणताही संग्रह आणि शुभदा गोगटे यांचा 'वसुदेवे नेला कृष्ण'. गोगट्यांची पुस्तकं यादीतून नेहमी गळतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

कातळशिल्प

सुबोध जावडेकरांचं 'आकांत' राहिलं. भोपाळच्या वायुदुर्घटनेवरची कादंबरी, आणि लेखक स्वतः रसायन अभियंता. मुलांपुढे नको, पण मोठ्यांच्या गटात तिच्यावर बोला. विज्ञानकथा म्हणजे यान आणि परग्रह एवढंच नव्हे, हे त्या पुस्तकाने मला शिकवलं.

नारायण धारप कुणीच कसे घेतले नाहीत? भयकथांमुळे त्यांचं हे काम झाकलं जातं. 'नेनचिम' वाचा.

जुनं_बाड

@कातळशिल्प, धारप मलाही प्रिय आहेत. पण 'नेनचिम' कादंबरी आहे, एका बैठकीत मोठ्याने वाचून होणार नाही. ती घरी न्यायच्या पुस्तकांत पहिली ठेवा.

रंगपेटी

मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवते. कळकळीने एकच सांगते: चित्रं शेवटी ठेवू नका.

सगळीकडे क्रम ठरलेला असतो. वाचन, मग चर्चा, मग उरलेल्या वेळात "मुलांनो, आता काढा". चर्चा झाली की वर्गातला हुशार मुलगा जे बोलला तेच तीस कागदांवर उतरतं. म्हणून वाचन संपलं की कुणी काही बोलायचं नाही, थेट कागद हातात द्यायचे. वीस मिनिटांनी चित्रं दोरीला चिमट्यांनी लावायची आणि गप्पा त्या दोरीसमोर उभं राहून मारायच्या. बोलायला लाजणारं मूल आपल्या चित्राबद्दल बोलतं.

एकदा मी वर्गात कृष्णविवराबद्दल वाचून दाखवलं, की तिथून प्रकाशही बाहेर निसटू शकत नाही. बहुतेकांनी टीव्हीवर पाहिलेला भोवरा काढला. सातवीतल्या एका मुलीने विहीर काढली. काठावर रहाट, रहाटावरून दोर आत गेलेला, आणि घागर कुठेच नाही. दोर मध्येच काळ्यात संपत होता. मी विचारलं, घागर राहिली का गं काढायची? ती म्हणाली, "घागर आहे बाई. पण ती दिसायची तर उजेड वर यायला हवा ना."

त्या एका चित्रावर आम्ही पाऊण तास बोललो. दोर ओढला तर काय होईल? काठावरच्या बाईला घागर पडताना दिसेल का? विज्ञानाच्या सरांना बोलावून आणलं. ते म्हणाले, दुरून बघणाऱ्याला घागर हळूहळू मंद होत त्या सीमेपाशी थबकल्यासारखी दिसेल आणि लालसर, अंधूक होत नाहीशी होईल, पण घागरीला स्वतःला असं थबकणं जाणवणार नाही, ती सरळ आत जाईल. वर्ग एकदम गप्प झाला होता.

सामान थोडंच लागतं. काळे कार्डशीट, पांढरे आणि रंगीत खडू, एक पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली, जुने टूथब्रश. ब्रश रंगात बुडवून दात अंगठ्याने मागे ओढले की कागदभर तारे उडतात. हे आधी वर्तमानपत्रावर करून बघा, पहिले शिंतोडे नेहमी मोठे पडतात. ३००० रुपयांत सगळं होऊन खाऊलाही पैसे उरतील.

आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ आधी दाखवू नका, जुन्या कागदात गुंडाळून ठेवा. एकदा छापील यान पाहिलं की सगळी यानं तशीच होतात.

पारावरची

रंगपेटी ताई, ती विहीर डोळ्यांसमोरून हलत नाहीये. क्रम बदलला. आधी चित्रं, मग गप्पा.

दीडपट्टी

नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' घेणार असाल (घ्याच, क्रिकेटच्या सामन्यापासून सुरू होते, मुलं जागची हलत नाहीत), तर वाचून झाल्यावर हे करा. आधी केलंत तर कथेची गंमत जाईल.

पारदर्शक प्लास्टिकच्या शीटची साधारण ६० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एक शीट पुरत नाही, दोन तुकडे जोडा. एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडा. ही मोबियसची पट्टी. आता मार्करने डाव्या सोंडेचा छोटा गणपती काढा. पट्टी पुढे सरकवत दर चार बोटांवर तोच गणपती, मागच्याकडे बघून, तसाच काढत जा. फेरी पुरी करून पहिल्या गणपतीपाशी याल तेव्हा शेवटच्याची सोंड उजवीकडे वळलेली दिसेल. कुणीही काही उलटं काढलेलं नसतं!

कागदाची पट्टी चालत नाही, कारण शाई आरपार दिसत नाही. मी पहिल्यांदा तीच चूक केली आणि मुलांपुढे अर्धा तास शोधत बसलो की गणपती वळला कुठे.

नदीपार

बंगळूरहून लिहितेय. आम्ही सहा-सात मराठी कुटुंबं महिन्यातून एकदा जमून विज्ञानकथा वाचतो. दोन गोष्टी सांगते. एक, वाचणारे दोन ठेवा, एक बाई, एक पुरुष, संवाद वाटून घ्या. छापील पानाला साधारण दोन मिनिटं लागतात, म्हणजे बारा पानांची कथा पंचवीस मिनिटं. त्याहून लांब नको. दोन, चर्चेत "यातून बोध काय?" हा प्रश्न कुणालाही विचारू देऊ नका, शिक्षकांना तर आधीच प्रेमाने सांगून ठेवा. आम्ही एकच विचारतो: "हे खरं झालं तर तुझ्या घरात उद्या सकाळी काय बदलेल?" आजोबांपासून नातवापर्यंत सगळे बोलतात.

कायदेपंडित_नव्हे

कथा झेरॉक्स काढून वाटू नका, लेखकाचा हक्क असतो. जाहीर वाचनासाठी प्रकाशकाला दोन ओळींचं पत्र पाठवा. वाचनालयाचं नाव, तारीख आणि प्रवेश मोफत आहे एवढं लिहा. जानेवारीतच पाठवा.

धूळवाट

अवांतर नाही, कामाचं: २८ला खोडदला जीएमआरटीचं (तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं) विज्ञान प्रदर्शन असतं. तुमच्या भागातल्या शाळा मुलांना तिकडे नेतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, त्यातली एक जवळून पाहणं सोडून कोण येईल? मुख्य कार्यक्रम २७ला उरका. २८ला मुलांबरोबर तुम्हीच खोडदला जा आणि परतीच्या गाडीत एक कथा वाचा.

पारावरची

@धूळवाट, हे अजिबात डोक्यात नव्हतं. २७लाच सगळं करतोय, २८ला खोडद. परतीच्या वाटेसाठी 'चंद्रावर स्वारी' बरोबर घेतेय.

काल सहा मुलांना बसवून रंगीत तालीम केली. 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचलं. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गंगाधरपंत अशा जगात पोहोचतात जिथे विश्वासरावांना गोळी लागलेली नाही आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. तिथल्या सभांत अध्यक्षाची खुर्ची रिकामीच ठेवतात. पंत जाऊन तीत बसतात आणि लोक खवळून अंडी-टोमॅटो फेकतात. पंत आपल्या जगात परततात तेव्हा खिशात तिथल्या बखरीचं फाटकं पान असतं. त्यावर विश्वासरावांची गोळी हुकल्याचं लिहिलेलं, आपल्या बखरीतल्या त्याच पानावर मात्र लागल्याचं.

वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही, कागद वाटले. चौघांनी खुर्ची काढली. त्यातल्या एकाने नुसती खुर्ची, पूर्ण कागदभर, तिच्या चारही पायांना सावल्या. एकाने उडणारी अंडी आणि टोमॅटो. आठवीतल्या एका मुलीने माणूस काढलाच नाही. फक्त सदऱ्याचा खिसा, आणि त्यातून डोकावणारा बखरीच्या पानाचा फाटका कोपरा.

चित्र दोरीला लावताना ती म्हणाली, "काकू, दोन्ही पानं खरी असतील, तर इतिहासाच्या पेपरात कुठलं लिहायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडचे इतिहासाचे निवृत्त सर २७ला येणार आहेत. त्यांना आज घरी जाऊन हा प्रश्न कळवून आले. बखर काढून बसलेत.